‘फांग जी’ हे वेलीचं नाव की मुळाचं?

एक वाचक चिनी औषधांवरचा मजकूर मराठीत आणत आहेत. त्यांनी विचारलंय, ‘फांग जी’ एका ठिकाणी गुळवेलीच्या कुळातली औषधी वेल म्हणून येते, दुसरीकडे मूत्रपिंडं निकामी करणारं विष म्हणून. खरं काय? आणि मराठीत ‘जाती’ लिहायचं की ‘प्रजाती’?

दोन्ही माहिती खरी आहे. फांग जी हे द्रव्याचं नाव आहे, चकत्या करून वाळवलेल्या मुळाचं. ते मूळ कुठल्या वेलीचं, हे त्या दोन अक्षरांत सांगितलेलंच नाही. आपल्याकडेही काष्ठौषधींच्या दुकानात पिंपळमूळ मागितलं तर पिंपळाचं मूळ मिळत नाही. दुकानदार पिंपळीच्या वेलीचं गाठाळ मूळ, म्हणजे गंठोडा, पुडीत बांधून देतो. नुसत्या नावावर विसंबून पिंपळाखाली खणायला जाणारा फसणारच.

चिनी भाषेत खरी ओळख नावाच्या आधी लागणाऱ्या शब्दात असते. ‘फन फांग जी’मधलं फन म्हणजे पिठूळ. हे मूळ कापलं की आतला भाग फिकट आणि पिष्टमय दिसतो. ही वेल स्टेफानिया टेट्रांड्रा, मेनिस्पर्मेसी कुळातली, म्हणजे आपल्या गुळवेलीची भाऊबंद. ‘ग्वांग फांग जी’तलं ग्वांग हे ग्वांगडोंग प्रांताचं. ती ॲरिस्टोलोकिया फांगची, आपल्या सापसंदाच्या गोतातली. कुळ वेगळं आणि आतली रसायनंही वेगळी. पुढचा सापळा तर फारच वाईट आहे. ‘हान फांग जी’ म्हणजे सहसा स्टेफानिया, पण ‘हानजोंग फांग जी’ म्हणजे ॲरिस्टोलोकिया हेटरोफायला. मधलं एक अक्षर गाळलं की औषधाच्या जागी विष आलं!

भाषांतरात हा आधीचा शब्द गळणं ही क्षुल्लक चूक वाटते, म्हणून ब्रुसेल्सची घटना सांगतो. तिथे वजन उतरवायच्या गोळ्यांत स्टेफानिया टेट्रांड्रा घातल्याचं सांगितलं जात होतं. त्या घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी होऊ लागली. 1993 मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली. भुकटी तपासली तेव्हा स्टेफानियातलं टेट्रांड्रीन बहुतेक नमुन्यांत सापडलं नाही, सापडलं ते ॲरिस्टोलोकियातलं विषारी ॲरिस्टोलोकिक आम्ल. काही रुग्णांना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ‘मू थोंग’ या दुसऱ्या चिनी औषधाच्या नावाखालीही अकेबिया आणि ॲरिस्टोलोकिया मांशुरिएन्सिस अशीच एकमेकांच्या जागी खपत. त्यातल्या दुसरीचा औषधी वापर चीनने 2003 मध्ये थांबवला, ग्वांग फांग जीचा त्याच्या पुढच्या वर्षी.

आता ‘जाती’ आणि ‘प्रजाती’. मराठी शास्त्रीय लेखनात स्पीशीजला ‘जाती’ म्हणतात, आणि जीनसला ‘प्रजाती’ किंवा ‘वंश’. हिंदीत मात्र ‘प्रजाति’ म्हणजे स्पीशीज. तोच अर्थ बातम्यांतून आपल्याकडे शिरला आहे आणि मला तो मनापासून खटकतो, कारण इथे नेमका हाच फरक जिवावरचा आहे. ‘ॲरिस्टोलोकिया’ ही प्रजाती, ‘ॲरिस्टोलोकिया फांगची’ ही जाती. ‘फांग जीच्या अनेक प्रजाती आहेत’ हे वाक्य दोन्ही अंगांनी चुकतं. एकाच वनस्पतीचे ते प्रकार असावेत असं वाचणाऱ्याला वाटतं.

तुम्ही असं लिहा: ‘फन फांग जी, म्हणजे स्टेफानिया टेट्रांड्रा या वेलीचं वाळवलेलं मूळ’. चिनी नाव आधीच्या शब्दासकट, मग शास्त्रीय नाव, मग वनस्पतीचा भाग. मूळ मजकुरात नुसतंच ‘फांग जी’ असेल तर स्वतःच्या अंदाजाने जाती जोडू नका. ‘फांग जी या नावाने विकलं जाणारं मूळ’ एवढंच लिहा.