वाचकांचे प्रश्न : कॅमेरे वाढवण्याआधी दार तपासा

प्रश्न : आमच्या कार्यालयात साठेक कर्मचारी असून तेथील व्यवस्थापन माझ्याकडे आहे. नुकताच भर दुपारी एका टेबलावरून लॅपटॉप चोरीला गेला. चित्रीकरणात एक अनोळखी माणूस आमच्याच सहकाऱ्याच्या मागोमाग आत शिरताना दिसतो आणि सहकाऱ्याने त्याच्यासाठी दार धरून ठेवलेलेही दिसते. आता आणखी आठ कॅमेरे बसवण्याचा प्रस्ताव वरिष्ठांसमोर आहे. हा खर्च करावा का?

उत्तर : सध्या करू नये, असे माझे मत आहे. आपल्याकडच्या कॅमेऱ्याने त्याचे काम चोख बजावले, तरीही लॅपटॉप गेलाच; कारण पडद्यावर सतत लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तर कॅमेरा झालेली गोष्ट दाखवतो, होणारी थांबवत नाही.

ज्या सहकाऱ्याने दार धरले, त्याला जाब विचारून फारसे काही साधणार नाही. दोन्ही हातांत खोकी घेऊन मागून येणाऱ्याच्या तोंडावर दार लोटणे बहुतेकांना जमत नाही, आणि सौजन्य सोडायला लावणारा नियम परिपत्रकातच राहतो. म्हणून विचारपूस करण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे असावी. स्वागतकक्षाचे टेबल दाराकडे तोंड करून ठेवावे. तेथील व्यक्तीने ‘आपल्याला कोणाला भेटायचे आहे? मी त्यांना बोलावते,’ असे मदतीच्या सुरात विचारावे आणि ज्याच्याकडे पाहुणा आला आहे त्याने स्वतः येऊन त्याला आत न्यावे व परत दारापर्यंत सोडावे. वरिष्ठांनीही दररोज कार्ड दाखवूनच आत यावे. साहेबांना सूट मिळाली की स्वागतकक्षातील व्यक्ती पुढे कोणालाच हटकत नाही.

यानंतर चालू असलेल्या कार्डांची यादी काढून ती पगारपत्रकाशी ताडून पाहा. नोकरी सोडून गेलेल्यांची, हरवलेली आणि काम संपलेल्या कंत्राटदारांची कार्डे अजूनही दार उघडत असल्याचे तीत हमखास सापडते. कार्ड बंद करण्याचे काम नोकरी सोडतानाच्या कागदपत्रांतच घालावे. कार्डांचा प्रकारही पुरवठादाराला विचारावा. १२५ किलोहर्ट्झवर चालणारी बरीचशी जुनी कार्डे एकच ठरावीक क्रमांक कोणत्याही सांकेतिकीकरणाविना (एन्क्रिप्शनविना) पाठवतात आणि त्यांची नक्कल स्वस्त उपकरणाने होते. नव्या प्रकारची कार्डे घेतली म्हणजे काम झाले असेही नाही. दारावरचे यंत्र कार्डातील सांकेतिक किल्ली तपासते की नुसता अनुक्रमांक वाचते, हे स्पष्ट विचारा. अनेक ठिकाणी महागडी कार्डे घेऊनही फक्त अनुक्रमांकच वाचला जातो.

प्रत्यक्ष दाराची तपासणी स्वतः करा. दार अर्धे उघडून सोडून द्या आणि पाहा. डोअर क्लोजर (दार आपोआप लावणारे यंत्र) सैल झाला असेल, तर दार शेवटच्या बोटभर अंतरावर रेंगाळते, चुंबकीय कुलुपाच्या चुंबकाला दारावरची पट्टी पुरती चिकटत नाही आणि दूरून मात्र दार लागल्यासारखे दिसते. बाहेर पडताना हालचाल ओळखून आपोआप उघडणारे दार असेल, तर फटीतून बाहेरून कागद सरकवून, तो हलवून ते उघडते का, हेही आजमावा. उघडत असेल, तर हालचाल ओळखणाऱ्या संवेदकाची (सेन्सरची) दिशा बदलून फट बुजवावी. चुंबकीय कुलूप वीज गेल्यावर सुटते. आगीच्या वेळी लोकांना बाहेर पडता यावे, म्हणून ते मुद्दामच तसे केलेले असते. वीज गेल्यावर दार उघडे पडू नये यावर उपाय म्हणजे पर्यायी वीजपुरवठा. माणसे आत असताना दाराला कडी किंवा साखळी कधीही लावू नये.

चोरीची झळ कमी करण्याचा मार्गही आहे. प्रत्येक लॅपटॉपच्या डिस्कचे सांकेतिकीकरण चालू करा. मग तो चोरीला गेला, तरी नुकसान बव्हंशी यंत्राच्या किमतीपुरते राहते आणि ग्राहकांची माहिती सहजासहजी चोराच्या हाती लागत नाही.

कॅमेऱ्यांविषयी एवढेच, की आहेत त्यांपैकी एकावरचे पंधरा दिवसांपूर्वीचे चित्रीकरण आजच काढून पाहा. घड्याळ मागे पडलेले असते किंवा डिस्क केव्हाच निकामी झालेली असते, आणि हे गरज पडेपर्यंत लक्षात येत नाही. कारखान्यातून आलेला पासवर्डही बदला. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रणालीने असेच पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेऊन मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले केले होते. एवढे करूनही एखादा कोपरा दृष्टीआड राहत असेल, तर तेथे जरूर कॅमेरा बसवावा.

प्रश्न : आमचा संगणक विभाग दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावतो. परिणामी निम्मे लोक तो चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवतात. यावर काय करावे?

उत्तर : चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांपेक्षा नियमच बदलावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना केवळ ठरावीक मुदतीनंतर तो बदलायला लावू नये, असे सुचवले आहे. सक्ती केली, की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, आणि हा बदल ओळखायला कोणालाही वेळ लागत नाही. त्याऐवजी चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड वापरू द्यावा, पूर्वी फुटलेल्या पासवर्डांच्या याद्यांशी तो आपोआप पडताळला जावा आणि प्रवेशासाठी पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी (उदा. मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक) जोडावी. संगणक विभागाने मानले नाही, तर निदान पासवर्ड जपून ठेवणारे सॉफ्टवेअर सर्वांना अधिकृतपणे द्यायला सांगावे.