गुलाश म्हणू की चॉप सुई?

अमेरिकेत नवीन आहेस, म्हणून आधी नावांचा घोळ सोडवतो. बीफचा खिमा, एल्बो मॅकरोनी (कोपरासारखा वाकलेला छोटा पास्ता), कांदा आणि टोमॅटो एका भांड्यात रटरटले की मिडवेस्टात, म्हणजे देशाच्या उत्तर-मध्य भागात, तो 'गुलाश', बॉस्टनकडे 'अमेरिकन चॉप सुई'. चीनशी संबंध नावापुरताच. ओहायोत वर चीज घालून ओव्हनमध्ये भाजलं की 'जॉनी मार्झेटी'. हंगेरीचा मूळ गुलाश मात्र मांसाच्या तुकड्यांचा, पाप्रिका म्हणजे लाल मिरचीची पूड घातलेला. त्यात खिमा शोधू नकोस.

कुणाची रेसिपी खरी, हे तर विचारूच नकोस. एका घरात ढोबळी मिरची हवीच, दुसरीकडे मक्याचे दाणे, तिसरीकडे डब्यातलं टोमॅटो सूप.

खिमा ८०/२० चा घे, म्हणजे २० टक्के चरबीचा. मोठ्या आचेवर पसर आणि लगेच ढवळू नकोस. आधी पाणी सुटतं. ते आटून चरचर सुरू झाली, तळ तपकिरी दिसला, की मगच उलथनं घाल. जादा चरबी जुन्या डब्यात ओत, सिंकमध्ये नाही (माझं एकदा तुंबलं होतं). मॅकरोनी थोडी कच्ची असतानाच मिसळ, रसात ती पुढे शिजतेच.

मी चमचाभर गोडा मसालाही घालतो. शेजारीण त्याला गुलाश मानत नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेते.