साध्या कागदावरची नोटीस

बाळ,

तुझी मेल मिळाली. ऑगस्टमध्ये इथे अमेरिकेत लॉ स्कूल सुरू होतंय, त्याआधी ड्यू प्रोसेस (म्हणजे रीतसर, न्याय्य प्रक्रिया) आणि समान संरक्षणावर काय वाचून ठेवू, असं विचारलंयस. तुझे बाबाही परवा फोनवर म्हणाले, "तिला एक यादी करून दे." यादी देत नाही. याद्या तिथे ढिगाने मिळतील. कोर्ट एखादा कायदा किती कडकपणे तपासतं त्याच्या स्ट्रिक्ट, इंटरमीजिएट आणि रॅशनल बेसिस या तीन पायऱ्या तर प्राध्यापक पाढ्यांसारख्या घोकून घेतील. मी दोन-तीन खटले सांगतो आणि ते वाचताना काय शोधायचं ते.

आधी खुद्द कलम वाच. अमेरिकन घटनेची १८६८ची चौदावी दुरुस्ती. राज्यांना बंधन घालणाऱ्या वाक्यात सुरुवातीला "नागरिक" येतो: नागरिकांचे हक्क राज्यांनी आखडू नयेत. वाक्य पुढे सरकतं तसा शब्द बदलतो. जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता ड्यू प्रोसेसशिवाय हिरावून घ्यायची नाही, ती कुणाची? कोणत्याही "व्यक्तीची". कायद्याचं समान संरक्षण कुणाला? राज्याच्या हद्दीतल्या कोणत्याही "व्यक्तीला". तू एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणार. पहिल्या शब्दात तू बसत नाहीस, दुसऱ्यात बसतेस. पेन्सिलीने खूण करून ठेव.

हा शब्द किती कामाचा आहे हे कळायला सॅन फ्रान्सिस्कोतल्या यिक वोचा खटला वाच, १८८६चा. बावीस वर्षं एकाच जागी लॉन्ड्री चालवणारा चिनी माणूस. शहराने नियम केला: लाकडी इमारतीत लॉन्ड्री चालवायची तर सुपरवायझर बोर्डाची, म्हणजे नगरसभेची, परवानगी हवी. कारण आगीचं, आणि नियमात चिनी माणसांबद्दल चकार शब्द नाही. यिक वोकडे तर जागा सुरक्षित असल्याचा अग्निशमनवाल्यांचा दाखलाही होता. तरी परवाना नाकारला, दहा डॉलर दंड ठोकला आणि तो भरला नाही म्हणून तुरुंगात टाकलं. आता आकडे बघ. शहरात सुमारे ३२० लॉन्ड्र्या, त्यातल्या ३१० लाकडी इमारतींत. सुमारे दोनशे चिनी अर्जदारांपैकी एकालाही परवानगी नाही. बिगरचिनी अर्जदारांपैकी एक बाई सोडली तर सगळ्यांना मिळाली. सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याला सोडलं. नियमाची भाषा कितीही सोज्वळ असो, परवान्यांच्या नोंदी काय बोलतात ते कोर्टाने पाहिलं. समान संरक्षणाचा कुठलाही खटला हाती आला की मी आजही नियमाच्या आधी नोंदी मागतो.

ड्यू प्रोसेससाठी मात्र तू जेराल्ड गॉल्टपाशी थांब. घाई करू नकोस. ॲरिझोना, जून १९६४. शेजारच्या बाईंना फोन करून अचकट-विचकट बोलल्याच्या आरोपावरून पंधरा वर्षांच्या पोराला उचलून नेलं. आईबाप दोघं कामावर. घरी ना चिठ्ठी, ना निरोप. आई संध्याकाळी आली तर पोरगा नाही. थोरल्याला शोधायला पाठवलं, तेव्हा ओळखीच्या कुटुंबाकडून कळलं की त्याला पकडलंय. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांसमोर सुनावणी. तक्रारदार बाई आल्याच नाहीत. कुणी शपथ घेतली नाही, कुणी काही लिहून घेतलं नाही. वकील नव्हताच. पुढच्या सुनावणीची लेखी नोटीस म्हणजे प्रोबेशन अधिकाऱ्याने साध्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी: सोमवारी अकरा वाजता. आरोप काय, त्याचा पत्ता नाही. आईने विचारलं, त्या बाईंना बोलवा ना. न्यायाधीश म्हणाले, गरज नाही. आणि शिक्षा? एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृह, म्हणजे सहा वर्षांपर्यंत. तोच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर पन्नास डॉलरपर्यंत दंड किंवा फार तर दोन महिने कैद.

न्यायाधीश दुष्ट होते असं समजू नकोस. पोरांच्या भल्यासाठी कोर्टाने बापासारखं वागावं, ही तेव्हाची पद्धतच होती. म्हणून तर हा खटला मला भारी वाटतो. १९६७ साली सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फोर्टास यांनी लिहिलं की पोरगा आहे एवढ्यावर त्याला कांगारू कोर्टापुढे, म्हणजे न्यायाच्या नुसत्या सोंगापुढे, उभं करता येत नाही. आरोपाची वेळेवर नोटीस, वकील, साक्षीदाराची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क, हे मुलांनाही मिळालं.

माझी फजिती सांगतो. वकिली नवी होती. एक अशील हद्दपारीचा हुकूम घेऊन आला. तो हजर नसताना झालेला. मी तासभर त्याची बायको, मुलं, नोकरी यांचं टिपण केलं आणि कळवळून अर्ज लिहायला बसलो. आमच्या ऑफिसातल्या ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, "पाकीट कुठंय?" अशिलाने बुटाच्या खोक्यातून सुनावणीच्या नोटिशीचं पाकीट काढलं. जुन्या खोलीचा पत्ता खोडून नवा लिहिलेला, आणि टपालाचा शिक्का सुनावणीनंतरच्या तारखेचा. खटला पुन्हा उघडला तो त्या शिक्क्यावर. माझं टिपण फायलीतच राहिलं.

सखाराम गणेश पंडित हे नाव तुझ्या केसबुकात बहुधा नसेल. लॉस एंजेलिसचे वकील. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या अमेरिकन नागरिकत्वासाठी ते सुप्रीम कोर्टात लढले. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. कोर्ट म्हणालं, नागरिकत्वाच्या कायद्यातले "गोरे" म्हणजे सामान्य माणूस ज्यांना गोरे समजतो ते. हिंदुस्थानी माणूस त्यात येत नाही. मग सरकारने पंडितांचंही १९१४चं नागरिकत्व रद्द करायला घेतलं. त्यांनी तोच वाद पुन्हा घातला नाही. ते म्हणाले, निकाल झाला, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, आता उकरून काढता येणार नाही. १९२६मध्ये अपील कोर्टात ते जिंकले. गोरेपणावर हरलेला वकील निकालाच्या अंतिमतेवर वाचला.

तू विचारशील, मग आपल्या घटनेत ड्यू प्रोसेस का नाही? १९४७च्या अखेरीस घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि त्यांनी या शब्दापासून सावध केलं. तिथल्या न्यायाधीशांनी हाच शब्द वापरून १९०५ साली बेकरी कामगारांच्या तासांवरची मर्यादा मोडीत काढली होती, ते उदाहरण समोर होतं. म्हणून एकविसाव्या कलमात "कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती" आली. शेवटचा शब्द न्यायाधीशांचा की विधिमंडळाचा, यात अडकलेल्या घटना समितीची अवस्था सांगताना बाबासाहेबांनी ग्रीक दाखला दिला. आपण इकडे आड तिकडे विहीर म्हणतो. १९७८च्या मनेका गांधी निकालाने मागचं दार उघडलं आणि कार्यपद्धती न्याय्य, रास्त हवी असं ठरलं. "समान संरक्षण" मात्र चौदाव्या कलमात पहिल्यापासून आहे. कलमाचा क्रमांकही तोच, हा निव्वळ योगायोग.

येताना पुस्तकांचं ओझं आणू नकोस, लोणचं आण. आणि गॉल्टवरचं टिपण विमानात बसण्याआधी मला पाठव, एका पानाचं. कुणाला, कधी, कशावर लिहून कळवलं, हे त्यात नसेल तर परत पाठवीन.

तुझा,
काका