'अॅटमॉस्फिअर' म्हणजे हवा, दाब की माहोल?

तिन्ही, आणि मूळ एकच. ग्रीक 'अॅटमॉस' म्हणजे वाफ, 'स्फैरा' म्हणजे गोल. १७व्या शतकात युरोपातल्या विद्वानांनी हे दोन जोडून लॅटिनमध्ये नवा शब्द घडवला: ग्रहाभोवतीचा वाफेचा गोल. इंग्रजीत तो सुरुवातीला चक्क चंद्राविषयी वापरला गेला, आणि चंद्राला तर म्हणावं असं वातावरणच नाही!

दाबाचं एकक म्हणून १ अॅटमॉस्फिअर म्हणजे ७६० मिलिमीटर उंच पाऱ्याचा स्तंभ तोलून धरेल इतका दाब, साधारण समुद्रसपाटीवरचा. आपलं इंदूर माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंच. त्यामुळे इथे पारा ७१०च्या आसपासच राहतो.

माहोल हा अर्थ नंतरचा, लाक्षणिक. मराठीत 'वातावरण'नेही तो सहज उचलला. खरं तर वात अधिक आवरण ही फोड मला जास्त नेमकी वाटते, कारण पृथ्वीभोवती वाफ थोडी, मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजनच. रात्री इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे सराफांच्या बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा कीस परतल्याचा वास, कढईतून निघणारी गरम जिलबी, खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी. तिथे उभं राहून 'काय वातावरण आहे!' म्हणतो, तो हाच अर्थ.