फौज घेऊन निघालेली ती 'नायिका' का वाटत नाही?

धुळ्याहून एका मुलीने विचारलं आहे. ती मैत्रिणींबरोबर अद्भुतकथेवर बेतलेला डावपेचांचा खेळ मराठीत रचते आहे. दोन्ही फौजांच्या प्रमुख बायकाच. पण 'नायिका' आणि 'खलनायिका' हे शब्द तिला पुळचट वाटतात. दुसरीला सरळ 'डाकीण' म्हटलं तर चालेल का, असाही तिचा प्रश्न आहे.

पोरीचा कान अगदी बरोबर आहे. 'नायक' हा 'नी' धातूचा, म्हणजे नेणारा. तोच मराठीत 'नाईक' होऊन फौजेत गेला. शिवकालीन पायदळात सर्वांत लहान तुकडीचा म्होरक्या नाईक असे. १८५७च्या उठावात आपल्या सातपुड्यात इंग्रजांशी लढलेल्या खाज्या नाईकांच्या नावात तोच शब्द आहे. आता त्याचं स्त्रीलिंग बघा: जुन्या मराठीत 'नायकीण' म्हणजे कलावंतीण! 'नायिका'ही फौजेपर्यंत पोचली नाही. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांत वासकसज्जा नटूनथटून वाट बघते, खंडिता प्रियकराने फसवल्यामुळे संतापलेली असते, अभिसारिका त्याला भेटायला निघते. आठही प्रकार प्रियकराशी तिचं काय चाललंय यावरून पाडलेले. नायकाचे प्रकार मात्र त्याच्या स्वभावावरून: धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित, धीरप्रशांत. शतकानुशतकं शृंगारात मुरलेल्या शब्दाच्या हाती एकदम तलवार दिली की तो अवघडतोच.

नायकाच्या शत्रूला जुना शब्द 'प्रतिनायक'. दशरूपक या जुन्या नाट्यग्रंथात तो लोभी, उद्धट, हट्टी, पापी सांगितला आहे. वाईट खरा, पण नायकाच्या तोडीचा. 'खलनायिका' म्हटलं की मात्र आज मालिकेतली कान भरणारी जाऊ आठवते. तिच्याशी लढाई कसली करायची?

बुद्धिबळातसुद्धा पटावरच्या सर्वांत जबर सोंगटीला युरोपात राणी म्हणतात, आपण वजीर म्हणतो.

'डाकीण' मात्र नको, हे मी कळकळीने सांगतो. नंदुरबारकडच्या पाड्यांवर डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे, जीवही घेतले आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तरी हा शब्द तिथे अजून जिवंत आरोप आहे. तुमचा खेळ उद्या अक्कलकुव्याची एखादी मुलगीही खेळेल. 'चेटकीण'बद्दलही माझं हेच मत.

मग काय म्हणायचं? तिच्या कामावरून नाव द्या. 'सेनानी' मराठीत बाईलाही बिनदिक्कत चालतो: ती सेनानी, सेनानीने हुकूम दिला. शेपटाला '-इका' लावावी लागत नाही. वॉरक्राफ्ट ३ या २००२च्या खेळातली सिल्व्हानस बघा. आधी ती आपलं राज्य राखणारी सेनानी असते. शत्रूचा सरदार आर्थस तिला मारतो आणि तिचं भूत करून राबवतो. पुढे ती सुटते आणि त्याच्याच विरुद्ध आपल्या प्रजेची राणी होते. हिला नायिकेच्या खणात ठेवायचं की खलनायिकेच्या? दोन्ही अपुरे पडतात. 'सेनानी' आणि 'राणी' मात्र त्या त्या वेळी चपखल बसतात.

समोरच्या बाजूला मी 'वैरीण' सुचवीन. ओव्यांतून आलेला, घरोघरी कळणारा शब्द. वैर दोन्हीकडून असतं, त्यामुळे तिचीही काही बाजू असेल याला जागा राहते. वाक्यात घालून बघा: 'सेनानीने खिंडीत तळ दिला, वैरीण वरच्या अंगाला नदी अडवून बसली होती.' दोघींचं वजन सारखं पडतं.

पात्रांच्या तोंडी अहिराणी घालणार असाल तर 'वैरीन' लिहा, आपल्याकडे 'ण'चा 'न' होतोच. आणि सेनानीला तिच्या फौजेने नुसतं 'बाई' म्हटलं तरी पुरे. ज्या मुलखात श्रावणात कानबाई देवी बसते, तिथे 'बाई'त किती दरारा आहे हे खेळणाऱ्यांना समजावून सांगावं लागणार नाही.