शेतीचं शिक्षण सगळ्यांना पेलावं म्हणून : वाचकांचे प्रश्न

कृषी महाविद्यालयांत विविध घरांतून, विविध क्षमतांचे विद्यार्थी येतात. त्यांना सामावून घेताना नेमकं काय करायचं, याबद्दल आलेल्या पत्रांतून काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. उत्तरं दिली आहेत शेतीशिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी.

प्रश्न : मी ट्रॅक्टर व अवजारं हा विषय शिकवतो. प्रात्यक्षिकाला मुली मागेच उभ्या राहतात आणि नोंदी लिहिण्याचं काम घेतात. त्यांच्यावर सक्ती करावी का?

सक्तीच्या आधी ट्रॅक्टरची सीट बघा. ती बहुधा उंच माणसाच्या मापावर लावलेली असते आणि तास संपेपर्यंत कुणी हलवत नाही. उंची कमी असेल तर पाय क्लचच्या पेडलला लागतो, पण पेडल तळापर्यंत दाबलं जात नाही. क्लच पुरता सुटलेला नसताना गिअर टाकला की खरखर आवाज येतो, वर्ग हसतो आणि 'हिला जमत नाही' हा शेरा कायमचा चिकटतो. बुटक्या मुलाचीही हीच गत होते, फक्त त्याच्याबाबतीत 'अजून सराव हवा' म्हणतात.

म्हणून इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येकाने सीट आपल्या मापाची करून घ्यायची. क्लच पूर्ण दाबल्यावर पाठ टेकलेली आणि गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट तेवढी पुढे येत नसेल तर पाठीमागे टणक उशी पट्ट्याने घट्ट बांधा. सैल उशी नको, ऐन ब्रेक दाबताना ती सरकते. सीट लावण्याला दोन गुण ठेवा, म्हणजे कुणी ती पायरी गाळणार नाही.

दुसरी अडचण अवजार जोडण्याची. हे ताकदीचं काम आहे, हा समज शिक्षकांनीच पसरवलेला असतो. सपाट जागेवर ट्रॅक्टर सरळ रेषेत मागे घ्यायचा. आधी ट्रॅक्टरच्या मागचा डावा खालचा हात (जोडदांडा) अवजाराच्या पिनेवर बसवायचा, मग उजवा. उजव्या बाजूला उंची कमीजास्त करणारं हँडल असतं, ते फिरवलं की हात पिनेच्या समोर येतो. शेवटी टॉप लिंक, म्हणजे वरचा मधला जोडदांडा, तिची लांबी फिरवून जुळवायची. काढताना क्रम उलटा. खांदा लावून अवजार ढकलावं लागतंय, याचा अर्थ ट्रॅक्टर चुकीच्या जागी थांबलाय. विद्यार्थ्याला खाली उतरून जोर लावायला सांगू नका, ट्रॅक्टर पुन्हा नीट मागे घ्यायला सांगा.

आता नोंदवहीबद्दल. 'गटात आपापसांत कामं वाटून घ्या' असं सांगितलं की ज्याला आधीपासून येतं तो यंत्रावर बसतो आणि जिला येत नाही ती वही उघडते. सत्र संपतं तेव्हा ज्याला येत होतं त्यालाच अधिक येतं. चौघांचा गट करा. यंत्र चालवणं, मोजमाप घेणं, नोंद ठेवणं आणि सुरक्षिततेवर नजर ठेवणं ही चार कामं पाळीने फिरवा आणि पाळीचा तक्ता शिक्षकाने स्वतः भिंतीवर लावा. वर्गात मुली थोड्या असतील तर प्रत्येक गटात एकेक वाटू नका, एका गटात निदान दोघी असू द्या. एकटी असली की तिची चूक 'मुलींची चूक' ठरते आणि ती पुढे येणं टाळते.

प्रश्न : मी धार्मिक कारणाने दाढी ठेवतो. फवारणीच्या प्रात्यक्षिकाला 'दाढी काढ, नाहीतर गैरहजेरी लावतो' असं मला सांगण्यात आलं. हे योग्य आहे का?

शिक्षकांची काळजी खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या मास्कच्या कडेखाली केस आले की फट राहते आणि हवा गाळणीतून न येता त्या फटीतून आत शिरते. दाढीवर असा मास्क चालत नाही, हे नि:संशय. पण पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारा सैल टोप मिळतो. तो चेहऱ्याला चिकटून बसण्यावर अवलंबून नसतो. महाविद्यालयाने एकदोन घेऊन ठेवावेत. औषधाच्या लेबलवर सांगितलेल्या गाळणीशी त्याचा प्रकार जुळतो का, हे आधी तपासायचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पदवीच्या वर्गाला फवारणी शिकवायला विषारी औषध लागतंच कशाला? नोझलचा प्रवाह, चालण्याचा वेग, फवाऱ्याची रुंदी, हे सगळं साध्या पाण्यावर शिकता येतं. सूत्र असं : मिनिटाला पडणारे लिटर गुणिले ६००, भागिले ताशी किलोमीटर आणि मीटरमधली रुंदी यांचा गुणाकार. नोझल मिनिटाला ०.८ लिटर सोडतं, वेग ताशी ४ किलोमीटर आणि रुंदी १ मीटर असेल तर हेक्टरी १२० लिटर. पाणी वापरलं की दाढीचा प्रश्न उरत नाही, गर्भवती विद्यार्थिनीला तास सोडावा लागत नाही आणि दमेकऱ्यालाही भीती नाही. पंप मात्र पूर्वी औषधासाठी वापरलेला नसावा. सरावाचे पंप वेगळे ठेवून त्यांवर ठळक खूण करा.

१६ लिटरचा पाठीवरचा पंप पूर्ण भरला की २० किलोच्या आसपास जातो. सरावाला ८ लिटर पुरतात. हातमोजे ७ ते १० या चारही मापांचे ठेवा. मोठ्या मोज्याची टोकं दुमडतात, पकड सुटते आणि मग मुलं मोजे काढून काम करतात.

एका बाबतीत मात्र कुणालाच सवलत नाही. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी, मफलर, मोकळे केस, जॅकेटची दोरी, यांपैकी काहीही अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. डोकं झाकायचं असेल तर टोकं आत खोचलेलं, घट्ट बसणारं वस्त्र चालतं. नियम असा लिहा : 'शाफ्टजवळ काहीही लोंबकळता कामा नये.' कोणत्याही पोशाखाचं नाव घेऊ नका.

प्रश्न : मला लाल-हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. मृदा प्रयोगशाळेत टायट्रेशनचा (द्रावण थेंबाथेंबाने सोडून रंग बदलेपर्यंत मोजण्याचा) शेवट चुकतो. सरांना सांगितलं तर विषय बदलायला सांगतील, अशी भीती वाटते.

विषय बदलण्याची काहीच गरज नाही, आणि तुम्ही एकटे नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत असा दोष सुमारे ८ टक्के जणांत असतो, इतर वंशगटांत त्याहून काहीसा कमी. स्त्रियांत फार कमी. साठ मुलांच्या वर्गात असे दोघं-तिघं असू शकतात, आणि ते शेजाऱ्याच्या ब्युरेटकडे (द्रावण सोडायच्या मोजनळीकडे) बघून आकडा लिहीत असतात.

अडचण नेमकी कुठे येते ते पाहा. केल्डाल पद्धतीने नत्र काढताना ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि मिथाइल रेड यांचा मिश्र दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारं द्रव्य) हिरव्यावरून गुलाबीसर लाल होतो. तुमच्यासाठी सर्वांत अवघड हाच. सेंद्रिय कर्बाच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत फेरोइन वापरलं तर रंग हिरव्यावरून तांबूस होतो, तेही तितकंच त्रासाचं. डायफिनाइलअमाइन वापरलं तर जांभळट निळ्यावरून हिरवा होतो. काहींना हा बदल कळतो, काहींना नाही. फिनॉल्फथॅलीन रंगहीनापासून गुलाबी होतं, तिथे रंग आला की नाही एवढंच ओळखायचं असल्यामुळे बहुतेकांचं निभतं.

उपाय साधा आहे. केल्डालमध्ये बोरिक आम्लाच्या कोऱ्या (नमुना नसलेल्या) द्रावणाचा सामू (पीएच) मीटरवर आधी नोंदवा आणि नमुन्याचं टायट्रेशन त्याच सामूपर्यंत करा. वॉकली-ब्लॅकला प्लॅटिनम इलेक्ट्रोड आणि मिलिव्होल्ट मीटर घ्या. शेवट जवळ आला की ०.१ मिलि.च्या टप्प्याने द्रावण सोडत आकडे लिहा. जिथे आकडा एकदम उडी घेतो, तिथे शेवट. शिक्षकांना आमची विनंती आहे की मीटरची पद्धत पूर्ण वर्गाला शिकवा. मग ती एकाची सवलत राहत नाही, कुणाला हात वर करून आपला दोष सांगावा लागत नाही आणि सगळ्यांचेच आकडे सुधारतात.

मातीचा रंग मनसेल तक्त्यावर (रंगांच्या प्रमाणित नमुन्यांशी ताडून) ठरवताना दोघांनी मिळून काम करा. पिकांतली अन्नद्रव्यांची कमतरता तर रंगावरून शिकवूच नये, जागा आणि नक्षी यांवरून शिकवावी. नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं आधी निस्तेज होतात; मक्यात टोकापासून मधल्या शिरेवर इंग्रजी व्हीसारखा पट्टा उतरतो. पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा करपतात. लोहाची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते, शिरा गडद राहतात आणि मधला भाग फिका पडतो. हे करड्या छायाचित्रातही ओळखता येतं. परीक्षेचा पेपर काढणाऱ्याने ही कसोटी वापरावी : चित्र कृष्णधवल छापून बघायचं, उत्तर तरीही निघालं पाहिजे.

प्रश्न : दुसऱ्या वर्षाला आम्ही 'आपल्या घरच्या शेताचा आराखडा' असा प्रकल्प देतो. काही विद्यार्थी तो फार वरवर करतात. काय करावं?

त्यांच्या घरी शेत आहे का, हे आधी बघा. भूमिहीन मजुरांची मुलं, शहरातली मुलं, कुळाने जमीन कसणाऱ्यांची मुलं या प्रकल्पात खोटे आकडे भरतात किंवा मित्राच्या शेताचे उतरवतात. यात आळस नाही. प्रश्नच त्यांच्यासाठी काढलेला नाही. महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर प्रत्येकाला १०० चौरस मीटरचा तुकडा द्या, सगळ्यांना. मातीचा नमुना, पाण्याचं मोजमाप, मजुरीचे तास, खर्चाचा हिशेब, सारं तिथेच. ज्याच्या घरी शेत आहे त्याने तुलनेसाठी घरचे आकडे जोडावेत, पण त्याला जादा गुण नकोत. तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटा, नाहीतर पाण्याजवळचे तुकडे ओळखीपाळखीने जातील.

मजूर आईवडिलांच्या मुलांना खुरपणी, कापणी, मजुरीचे दर यांची जी जाण असते, ती जमीनदाराच्या मुलाला क्वचितच असते. मजुरीचा हिशेब वर्गात शिकवताना ती जाण फळ्यावर येऊ द्या. मात्र 'तू सांग, तुझ्या घरचे मजुरीला जातात ना,' असं म्हणून कुणाला उभं करू नका.

प्रश्न : प्रवेशाच्या मुलाखतीत 'शेतीची पार्श्वभूमी आहे का' हा प्रश्न आम्ही पहिल्यापासून विचारतो. तो गाळावा का?

गाळावा. त्याऐवजी सगळ्यांना एकच कागद द्या, उदाहरणार्थ एका शेताचं पाण्याचं गणित, आणि तो कसा सोडवतात ते बघा. प्रश्न आधी ठरलेले असावेत, आणि प्रत्येक परीक्षकाने आपापसांत बोलण्याआधी गुण लिहून द्यावेत. वरिष्ठ आधी बोलले की बाकीचे गुण त्यांच्या मागे जातात.

एका परीक्षेवर माणूस तोलणं किती धोक्याचं असतं, याचं उदाहरण गव्हाचे सुधारित वाण देणारे अमेरिकी शेतीशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांचं. १९३३ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ते नापास झाले. नव्याने निघालेल्या जनरल कॉलेजात त्यांना घेतलं, आणि तिथून ते कृषी महाविद्यालयाच्या वनविद्या शाखेत गेले. १९७० साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. अमेरिकेचेच शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना कॅन्ससमधल्या एका कॉलेजने प्रवेश देऊन मग वर्ण पाहून परत पाठवलं होतं. १८९१ मध्ये ते आयोवाच्या कृषी महाविद्यालयात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी म्हणून दाखल झाले, १८९६ मध्ये तिथूनच त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. पर्यायी दार उघडं होतं म्हणून हे दोघे आत आले. तसं दार तुमच्याकडे कोणतं आहे, ते लिहून काढा आणि प्रवेशाच्या माहितीत पहिल्या पानावर छापा.

प्रश्न : व्हीलचेअर वापरणारी एक विद्यार्थिनी उद्यानविद्येला आली आहे. रोपवाटिकेत काय बदल करावे लागतील?

तिलाच बरोबर घेऊन एकदा पूर्ण फेरी मारा आणि जिथे अडतं तिथे खूण करा. सर्वसाधारण मापं अशी : वाट निदान ९० सेंटिमीटर रुंद, वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा, उताराला दर एका सेंटिमीटर चढामागे १२ सेंटिमीटर लांबी. रोपांच्या टेबलाखाली गुडघे जायला ७० सेंटिमीटर उंची मोकळी हवी. टेबल एकाच बाजूने गाठायचं असेल तर रुंदी ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर पलीकडच्या ओळीपर्यंत हात पोचत नाही.

वाटेवर सुटी खडी किंवा भुसा टाकू नका, चाकं रुततात. बारीक मुरूम पाणी मारून चांगला दाबून घ्या. पाइप जमिनीवरून नेऊ नका, बाजूने टांगा. कॉक गोल चकतीचे न घेता लांब दांड्याचे घ्या, ओल्या हाताने आणि कमी जोराने फिरतात. पहिल्या पावसानंतर वाट पुन्हा तपासा, कारण कडेला पाणी साचून नेमकी वळणावरची जागा खचते.

शौचालयाचं अंतर विसरू नका. अमेरिकेत शेतमजुरांसाठी दर २० जणांमागे एक शौचालय आणि हात धुण्याची सोय, तीही साधारण ४०० मीटरच्या आत, असा नियम आहे. विद्यार्थ्यांसाठी याहून कमी असू नये. लांबच्या प्रक्षेत्रावर ही सोय नसेल तर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी उन्हाने चक्कर येऊन पडतात.

प्रश्न : आमच्याकडे तक्रार समिती आहे, पण वर्षभरात एकही तक्रार आली नाही. म्हणजे वातावरण चांगलं आहे असं समजायचं का?

तेवढ्यावरून काहीच समजत नाही. तक्रार घेणारा आणि प्रात्यक्षिकाचे गुण देणारा एकच असेल तर तक्रार येणार नाही. समितीत विभागाबाहेरची निदान एक व्यक्ती ठेवा आणि अर्ज देण्याचे दोन मार्ग ठेवा. पोच दोन दिवसांत द्या आणि निकालाची तारीख त्या पोचेवरच लिहा.

त्याबरोबर सत्रामागून सत्र काही आकडे बघा : कोणत्या विषयात कोण गळतं, बिनपगारी प्रशिक्षण कोण सोडून देतं, प्रक्षेत्रावरची पगारी कामं कुणाला मिळतात, तोंडी आणि लेखी गुणांत कुणाच्या बाबतीत मोठी तफावत आहे. लेखीला ६५ आणि तोंडीला सातत्याने ४० मिळणारे विद्यार्थी एकाच जातीचे, भाषेचे किंवा भागाचे असतील तर तोंडी परीक्षेची पद्धत तपासा. परीक्षक दोन ठेवा आणि विद्यार्थ्याला आपल्या भाषेत उत्तर देऊ द्या. पाचपेक्षा कमी जणांच्या गटाचे आकडे बाहेर छापू नका, कोण ते लगेच ओळखू येतं. असे आकडे समितीपुरतेच ठेवा आणि त्यावर काय केलं, ते पुढच्या सत्राच्या पहिल्या बैठकीत नोंदवा.