व्यंगचित्रांची मूळ चित्रं कशी जपावीत?

प्रश्न : धारवाडहून येऊन आमच्या पेठेत स्थायिक झालेल्या, दैनिकात चित्रं काढणाऱ्या दिवंगत व्यंगचित्रकारांची मूळ चित्रं आणि कात्रणं घरच्यांनी तालीम मंडळाकडे सोपवली आहेत. गणपतीनंतर शाहू स्मारक भवनात प्रदर्शन भरवायचंय. कागद पिवळे पडलेत, चित्रांत फिकट निळ्या रेघा आणि पाठीमागे कन्नडमध्ये पेन्सिलीचा मजकूर आहे. खोडून, लॅमिनेशन करून लावावीत का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : खोडरबर अजिबात लावू नका. निळ्या रेघा हा कच्चा आराखडा. ब्लॉकसाठी, म्हणजे छपाईच्या ठशासाठी, चित्राचा फोटो घेताना फिल्मवर फिकट निळा उमटत नसे, म्हणून तो खोडावा लागत नसे. आधी काढलेला हात, हलवलेली मान तिथेच सापडते. पांढऱ्या पोस्टर कलरचे ठिपके दुरुस्तीचे असतात, ओल्या बोळ्याने पुसू नका, ते निघून येतील. लॅमिनेशन तर पुन्हा सोडवताच येत नाही. सेलोटेपचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडतो.

पाठीमागचा मजकूर सगळ्यात मोलाचा. चित्राखालची ओळ आधी कन्नडमध्ये सुचून छापताना कोल्हापुरी झाली असेल, तर दोन्ही शेजारी लावा. गडहिंग्लज भागातलं कन्नड वाचणारं कुणीही मदत करेल. स्कॅन दोन्ही बाजूंचे, रंगीत आणि ६०० डीपीआयवर करा. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात निळ्या रेघा हरवतात.

वर्तमानपत्री कागदात आम्ल असतं, ते शेजारच्या कागदालाही लागतं. कात्रणं वेगळ्या फाइलीत, आम्लविरहित कागदात ठेवा. प्रदर्शनात त्यांची झेरॉक्स मूळ चित्राशेजारी चालेल. मूळ चित्र मोठं असतं, छापताना लहान होऊन रेघ किती बारीक झाली ते त्यातून कळतं.

प्रदर्शन मात्र दिवाळीनंतर घ्या. गणपतीनंतरही आपल्याकडच्या भिंती ओल धरून असतात. काच चित्राला टेकली की ओलीने कागद चिकटतो, म्हणून मध्ये जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. चित्र माउंटला पूर्ण चिकटवू नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून टांगा. उजेड मंद, ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास ठेवा, ऊन नको.

प्रत्येक चित्राची तारीख आणि त्यामागची बातमी ग्रंथालयातल्या जुन्या अंकांतून काढा. चेहरे ओळखायला पेठेतली जाणती माणसं आत्ताच बसवा. नगरपालिकेच्या राजकारणावरचं चित्र बातमीशिवाय पुढच्या पिढीला कळणारच नाही.

हक्कांबद्दल : १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना काढलेलं चित्र वृत्तपत्रात किंवा मासिकात छापण्याचा हक्क मालकाचा, बाकीचे चित्रकाराचे. वेगळा करार असल्यास गोष्ट निराळी. मृत्यूनंतर ६० वर्षं ते हक्क वारसांकडे राहतात. प्रदर्शन आणि पुस्तिका, दोन्हींसाठी घरच्यांची लेखी परवानगी घ्या.